देवीची साडी

देवीच्या जुन्या देवळात दर्शनाची रांग होती. माझ्यापुढे एक सासू आणि तिचा हात धरून तिची नवी सून.

"अहो आई, देवी दिसली! काय चापूनचोपून नेसवलीय साडी!"

"मग? पहाटे मीच नेसवली."

"तुम्ही? एकटीनं?"

"पडदा ओढून, एकटीनंच. आणि डोळे मिटून. साडी बदलताना देवीकडे बघायचं नाही, अशी इथली रीत आहे."

"न बघता इतक्या सारख्या निऱ्या?"

"चाळीस वर्षं झाली गं. बोटांना पाठ आहे ती. डावा खांदा झिजलाय तिचा, पदर घसरतो. तिथे मी एक पिन जास्त लावते."

"मला तर आरशासमोरही जमत नाही."

"आरसाच नडतो तुम्हा पोरींना. बरं, आजच्या साडीचा रंग कुठला आहे गं?"

"म्हणजे? तुम्हीच नेसवलीत ना?"

"हळू बोल. दोन वर्षं झाली, मला उजेड तेवढा कळतो. पुजाऱ्यांच्या कानावर गेलं तर माझी सेवा काढून घेतील."

रांग दोन पावलं सरकली.

"हिरवी आहे, आई. लाल काठांची. आणि डाव्या खांद्यावरचा पदर जागचा हललेला नाही."