अर्धा कोयता

विषय : शाळा सुटलेल्या तरुण पोरापोरींना पुन्हा प्रशिक्षणाकडे वळवणेबाबत. संदर्भ : आपली आजची समक्ष भेट, आणि तुम्ही टेबलावर ठेवलेला पेढ्यांचा पुडा. — हसू नका, आमेरभाई, तहसील कचेरीत जन्म गेला माझा, विषय-संदर्भ घातल्याशिवाय तोंड उघडत नाही. हं, मंग तुमचं म्हणणं असं, की मी पुन्हा वस्त्या-वस्त्यांवर फिरायचं, नव्या तुकडीसाठी पोरं गोळा करायची — का, तर लोक माझ्या शब्दावर येतात. बराबर. येत होते.

सरका, पंख्याखाली बसा. आवाज येतोय का? येणारच नाही. दैवशालानं बांधलाय तो — जळालेली मोटार उघडून, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून. कोण दैवशाला? प्रशिक्षण केंद्रात नोकरी करता अन् मला विचारता? तुमच्या भिंतीवर फोटो आहे की — हातात टेस्टर घेतलेली, शेजारी तुमचे संचालक राधेश्याम, दात काढून. तो राधेश्याम कचेरीत माझ्या हाताखाली होता. मसुदा कसा लिहायचा, मी शिकवलं त्याला. म्हणून तर त्याच्या एका बोलावर मी चपला झिजवल्या.

अंकुशनगरच्या वाटेवर वस्ती आहे तिची. सगळी ऊसतोडीची माणसं. तुम्ही शहरातले, म्हणून सांगतो — मुकादम तिथं माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा, त्याला कोण विचारतं? दैवशाला आठवीच्या वर्गातून उठली ती मच्छिंद्रच्या कोयत्यात जाऊन बसली. तिची सासू चांगुणाबाई मला म्हणाली, "भाऊसाहेब, अर्धा कोयता शिकाया गेला, मंग उरलेल्या अर्ध्यानं काय गवत कापायचं?" मी काय म्हणालो? मोठ्या ऐटीत म्हणालो — पोरीला नोकरी लागली की कोयता भिंतीला टांगा, दसऱ्याला पूजेपुरता काढा, जबाबदारी माझी. असलं वाक्य उभ्या नोकरीत कधी लिहिलं नव्हतं. कारकून जबाबदारी घेत नसतो हो, पुढं पाठवतो. पण म्हातारीनं ऐकलं. त्या साली मच्छिंद्र एकटाच गेला टोळीबरोबर, मोळ्या वाहायला — मुकादमाची कुरकुर चालूच.

अन् पोरगी शिकली. बिलकुल हुशार. येता-जाता इथं डोकवायची — मामा, ही तार बघा, मामा, तुमचं बटन सैल झालंय. मंग एके दिवशी राधेश्यामचा फोन. "साहेब, नोकऱ्या लागल्या! पुण्याकडं, पंपाच्या कारखान्यात. गाडीपुढं नारळ तुम्हीच फोडा." फोडला. खोबरं वाटलं. पोरी नव्या साड्या नेसून आल्त्या, दैवशालाच्या पिशवीत मी दिलेला टेस्टर. गाडी पुण्याला पोचलीच नाही. उसाच्या फडाशी थांबली. समोर तिचाच मुकादम — अन् त्याच्या मागं मच्छिंद्र, मान खाली घालून, हातात दोन कोयते.

आता कसं, राधेश्यामला वर कळवायचं होतं की शिकलेले सगळे कामाला लागले. मुकादमाला अर्धे कोयते पुरे करायचे होते. दोघांची गरज जुळली. अन् खोटं तरी कुठंय? काम लागलंच की! मसुद्यात कुठं बोट ठेवायला जागा नाही. शिकवणी माझीच.

नाही नाही, तुमच्यावर कशाला रागवू? तुम्ही तेव्हा नव्हता. राग... हंगाम सरल्यावर ती आल्ती इथं. मला वाटलं, शिव्या देईल. मी उत्तर जुळवून ठेवलेलं — मलाही फसवलं पोरी, मलाही ठाऊक नव्हतं — सगळं क्रमवार. ती उंबऱ्याच्या आत आलीच नाही. टेस्टर त्या खिडकीत ठेवला — राहू द्या, हात लावू नका — अन् म्हणाली, "हे घ्या, भाऊसाहेब. फडात करंट नसतो." भाऊसाहेब! मामा म्हणायची हो ती मला. या घरात दुसरं कोण येतंय मला मामा म्हणायला... जाऊ द्या. मी एकटा असताना पंखा लावत नाही. आज तुमच्यासाठी लावला.

काय म्हणता? नव्या तुकडीत तिला घेऊ? तसा अर्ज केलाय मी, तुमच्याच केंद्रात — फेरप्रवेश द्यावा, अन् या खेपेला नोकरी आधी मला डोळ्यांनी दाखवावी. तिला विचारलं का? तिच्या दारात कोणत्या तोंडानं जाऊ? माझ्याच नावानं केला. राधेश्यामनं पोच दिली, शिक्का मारून, झोकदार. पण दसरा तोंडावर आलाय, आमेरभाई. टोळ्यांचे ट्रक वस्तीवर येऊन राह्यले. एकदा ती ट्रकमध्ये चढली, की तुमचा प्रवेश घेऊन मी काय करू?

पेढे उचला. उचला म्हणतो ना. जालन्याची एसटी लागली असेल. अन् जाताना तेवढा पंखा बंद करा, बटन दाराशी आहे.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.