मिटल्या डोळ्यांची कुस्ती

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय प्रभाकररावजी, मंचावर बसलेले आखाड्याच्या कमेटीचे सन्माननीय सभासद, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो ते आमचे उस्ताद नत्थूजी, समोर बसलेले नवेजुने पैलवान, ज्यांची ओळख त्यांचे मोडलेले कानच करून देतात, उजव्या बाजूच्या माताभगिनी, आणि हे म्हातारं कधी आटोपतं म्हणून दाराशी ताटकळलेले तरुण मित्रहो,

मी रूपराव. रोहण्याचा आखाडा चालवतो. मला निरोप आला होता की दोन गोड शब्द बोला आणि बसा. प्रभाकररावजींनी तर मला पायऱ्यांवरच गाठलं, हात जोडले, म्हणाले, रूपरावजी, आज तेवढा निवडीचा विषय काढू नका. मी हो म्हटलं. मोठ्या माणसाला पायरीवर नाही म्हणू नये. आता मंचावर आलो आहे, तेव्हा विषय काढतो.

भाषणं झाली की अध्यक्ष महाराज जाहीर करणार आहेत, नत्थूजींच्या जागी या वर्ध्याच्या आखाड्याचा उस्ताद कोण. दोन नावं आहेत. एक बबन, तो पाहा, पहिल्या रांगेत फेटा बांधून बसला आहे. दुसरा जंगलू, ज्याला बसायला खुर्ची मिळाली नाही म्हणून तो मागं खांबाला टेकून उभा आहे. बबन माझा मुलगा. जंगलू माझा पट्ठा. दोघांच्याही अंगाला पहिली माती मीच लावली. आता रूपराव उठला म्हणजे पोराची वकिली करणार, असं ज्यांना ज्यांना वाटून राह्यलं असेल, त्यांनी जरा दम धरावा.

सभ्य स्त्रीपुरुषहो, नत्थूजींचं मोठेपण कशात आहे? डाव शिकवण्यात? डाव मीही शिकवतो. त्यांचं मोठेपण पारखण्यात आहे. पोळा फुटला की दुसऱ्या दिवसापासून हा माणूस गावोगावच्या कुस्त्यांच्या दंगली पाहायला निघायचा. खेड्यात पोरं आधी रेवड्यांसाठी लढतात, मग नारळासाठी, मग फेट्यासाठी. नत्थूजी रेवडीच्या कुस्तीपासून माती धरून बसायचे. शेवटी गावातलं सगळ्यात चांगलं पोरगं उचलायचे आणि वर्ध्याला न्यायचे. रोप आम्ही लावायचं, पाणी आम्ही घालायचं, आणि तुरा यांच्या आखाड्यात डोलायचा. किती शिव्या दिल्या असतील मी यांना! तोंडावर दिल्या, म्हणून आज मंचावरून सांगतो.

आणि त्यांचे निकाल! आमच्या एका पोराला पाहून म्हणाले, हा दोघांचं खाते आन् अर्ध्याचं लढते. दुसऱ्याचा बाप मध्येमध्ये फार बोलून राह्यला होता, तर त्याला म्हणाले, पोरगं राहू द्या, तुमीच या. हसा, हसा. ज्याचं पोरगं परत पाठवलं जायचं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नव्हती.

सगळं पाहून झालं की शेवटची परीक्षा असायची. नत्थूजी पोराला समोर उभं करायचे, गोड गोड बोलायचे, घरी म्हशी किती, माय कशी आहे, आणि बोलता बोलता अशी कानशिलात हाणायचे की गाल सुजायचा. ज्याचे डोळे उघडे राहिले तो पास. ज्यानं डोळे मिटले तो नापास. पुन्हा विचारायचं नाही, गाऱ्हाणं करायचं नाही. समोर बसलेले अर्धे पैलवान आता गाल चोळून राह्यले आहेत, मला दिसते.

त्रेपन्न सालच्या पोळ्याला नत्थूजी रोहण्याला आले. माझ्याकडं दोन पोरं तयार होती. बबन चपळ, देखणा, डावात पक्का. जंगलू जंगलाकडच्या गोंड वस्तीतला, बोलायला कमी, पण त्यानं मान धरली की बैलानं जू झटकावं तसं झटकलं तरी सुटायची नाही. मी मनात म्हणत होतो, दोघंही जातील. थप्पड बबनला बसली, त्याचे डोळे उघडे. थप्पड जंगलूला बसली, त्याचे डोळे मिटले. नत्थूजी उठले, धोतर झटकलं आणि बबनला घेऊन निघाले. मी गाडीपर्यंत मागं धावलो, विचारलं, काऊन? ते म्हणाले, "मार पाहून जो डोळे मिटते, त्याले मी माह्या मातीत उभा करत नाई."

जंगलू ओठातलं रक्त पुसत तिथंच उभा होता. मी त्याला घरी जा म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आखाड्यात आलो तर हा माती उकरून तयार.

पुढच्या संक्रांतीला वर्ध्यात मोठी दंगल होती. बबन तोवर इथला लाडका झाला होता. रिंगणात हात वर करून फिरत होता, आहे कोणी जोड? आणि माझ्या बाजूनं जंगलू लंगोट कसून आत उतरला. मी त्याला पाठवलं नव्हतं, अडवलंही नाही. पंच होते नत्थूजी. त्यांनी त्याला ओळखलं. त्यांचं तोंड कडू झालेलं मी पाहिलं.

आता ऐका, हे गोड नाही. सलामी झाली आणि पहिल्याच पकडीत बबननं कोपर घातलं. जंगलूचं नाक फुटलं. रक्त छातीवरून मातीत. लोक आनंदानं ओरडायला लागले. दुसऱ्या पकडीत बबननं त्याच्या कानावर डोकं आपटलं, कान फाटला. तरी जंगलू मान सोडेना. तेव्हा माझ्या मुलानं, मी शिकवलेल्या मुलानं, मूठभर माती उचलली आणि जंगलूच्या डोळ्यांत कोंबली.

आणि तिथं तो फसला. कारण जंगलूचे डोळे आधीच मिटलेले होते.

या माणसाच्या घरचा धंदा मोहोळ काढण्याचा. आग्या मोहोळाच्या पोळ्यात हात घालायचा तर माश्या आधी डोळ्यांवर येतात. यांच्या घरी बापानं लेकाला पहिली गोष्ट शिकवली, डंख आला की डोळे मीट आणि हात चालू ठेव. खाली कडा, अंगावर माश्या, आणि हातानं चाचपत पोळं कापायचं. आपण ज्याला भित्रेपणा म्हटलं, ती यांची विद्या होती. थप्पड आली, त्यानं डोळे मिटले आणि पाय रोवून उभा राहिला. आपण फक्त डोळे पाहिले.

बबन घाबरला. घाबरलेला पैलवान वाईट. त्यानं जंगलूचं करंगळीजवळचं बोट धरलं आणि उलटं मोडलं. मी कडेला बसलो होतो, मला आवाज आला. जंगलूच्या तोंडून आवाज आला नाही. त्यानं त्याच मोडक्या हातानं बबनला कमरेवर घेतला आणि ढाक डाव मारून असा आदळला की बबनचा खांदा निखळला, हाड वर आलं, आणि दोन्ही खांदे मातीला लागले. चीत. सूर्यप्रकाशात, हजार लोकांदेखत चीत.

कोण म्हणालं ते, एकच खांदा लागला होता? तानबाभाऊ? बसा. तुम्ही त्या दिवशीही हेच म्हणाला होता आणि मी तुमचे समोरचे दोन दात पाडले होते. आज मंच आहे, पाहुणे आहेत, मला दात पाडायला लावू नका.

तर मंडळी, हजार माणसं ओरडत होती, कुस्ती बरोबरीची, गोंडाचं पोरगं हाकला. बबन इथला, पंच इथला, पब्लिक इथली. नत्थूजींनी एक शब्द उच्चारला असता, बरोबरी, तर त्यांची पारख खरी ठरली असती, आखाड्याची इज्जत राहिली असती आणि सगळे हसतखेळत तिळगूळ खाऊन घरी गेले असते. त्यांनी जंगलूचा मोडक्या बोटाचा हात धरला आणि वर केला.

पहिला दगड त्यांच्या कपाळावर बसला. ती खोक अजून आहे, टोपी काढा म्हटलं तर काढणार नाहीत. दुसरा बरगडीत. मग लाठ्या निघाल्या. डफडेवाल्याचं डफडं कुणी त्याच्याच डोक्यात फोडलं. माझा मुलगा मातीत खांदा धरून किंचाळत होता आणि मी त्याच्याकडं न जाता लाठी हिसकून गर्दीत शिरलो, कारण नत्थूजी खाली पडले होते आणि जंगलू त्यांच्यावर पालथा पडून पाठीवर लाठ्या घेत होता. ज्यानं त्याला नापास केलं, त्याच्यासाठी! माझ्या घरच्या सुमित्राबाईंनी मला त्या दिवसाबद्दल अजून माफ केलेलं नाही. त्या समोर बसल्या आहेत. बाई, आजही माफ करू नका, पुढं अजून आहे.

डोक्याची पट्टी सुटायच्या आत नत्थूजी मला घेऊन जंगलूच्या वस्तीवर गेले. त्याची माय, रामबाई, दारात साठवणीतली मोहफुलं उन्हात घालत होती. तिनं बसा म्हटलं नाही. म्हणाली, "माह्या पोराले साऱ्यांदेखत मारून वापस धाडलं. आता त्याचं बोट मोडल्यावर न्याले आले?" वर्ध्याचा उस्ताद, ज्याच्यापुढं मालगुजार उठून उभे राहायचे, तो तिच्या अंगणात खाली बसला. म्हणाला, "माही परीक्षाच खोटी होती, बाई. आता कोनाले मारणार नाई." तिनं टोपलीतली उरलेली फुलं पसरली. मग म्हणाली, "घेऊन जा. पन त्याच्यावर कोनी हात उचलला त मी येईन." आणि खरं सांगतो, तिच्या येण्याचा धाक नत्थूजींना दगडांपेक्षा जास्त होता.

त्या दिवसापासून थप्पड बंद झाली. गुडघे गेले तशी नत्थूजींनी गावोगाव पोरं पाहायला जंगलूला पाठवायला सुरुवात केली. हा रेवडीच्या कुस्तीला बसतो. पोरगं लढून आलं की त्याच्या पाठीवर हात ठेवतो, श्वास कसा चालला आहे ते पाहतो, आणि ज्याला घ्यायचं नाही त्याच्या घरी जाऊन मायला सांगतो की का घेतलं नाही. ज्यांना घेतलं त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. नागपूरचे आखाडे आता यानं निवडलेल्या पोरांना जोड द्यायला कचरतात.

मग अडलं कुठं? कमेटीत अडलं. नत्थूजींनी जंगलूचं नाव सांगितलं, तेव्हा मंचावर बसलेल्या एका सद्गृहस्थानं विचारलं, नाव घेत नाही, पाहुणे आहेत, की त्याच्या हातचा गंडा कोण बांधून घेईल? नव्या मंडळींसाठी सांगतो, उस्ताद नव्या पट्ठ्याच्या मनगटाला दोरा बांधतो, तो गंडा. तो बांधला की उस्ताद बापाच्या जागी. म्हणजे प्रश्न असा, की चांगल्या घरची पोरं गोंडाला बाप म्हणतील का? आणि म्हणून बबनचं नाव पुढं आलं. बबन शिकलेला, बबन आपल्यातला.

बबन, खुर्ची खाली ठेव. ठेव खाली! तू उचलली आहेस ती फेकायला की बसायला? फेकायची असेल तर बापावर फेक, जंगलूकडं पाहू नको. सोडा त्याला, धरू नका कुणी. त्याला ऐकू द्या.

बबन चांगला लढतो. खांदा जुळल्यावर त्यानं पुन्हा मेहनत केली, मोठमोठे चीत केले, माझी छाती फुगली. पण इतकी वर्षं एकाच छपराखाली राहून यानं जंगलूला एकदाही म्हटलं नाही की ती माती मी टाकली, ते बोट मी मोडलं. ज्याला आपली चूक दिसत नाही, त्याला दुसऱ्याचं पोरगं काय दिसेल? नत्थूजी चुकले आणि अंगणात खाली बसले, म्हणून ते उस्ताद. माझ्या मुलाच्या हाती मी माझी पोरं देणार नाही. हे बोलताना माझं काळीज फाटते आहे, प्रभाकररावजी, पण देणार नाही. आणि आसपासच्या खेड्यांतले उस्ताद इथं बसले आहेत, त्यांनी मला शब्द दिला आहे. जंगलू नसेल, तर येत्या पोळ्याला आमच्या गावांतून एकही पोरगं वर्ध्याची वाट धरणार नाही. मग या आखाड्यात कमेटीनंच लंगोट लावावेत.

आता मंचाचे, यजमानांचे, तुम्हा सर्वांचे आभार. नत्थूजी, तुम्ही आमची पोरं नेली आणि माणसं करून दिली, त्याचं ऋण मोठं आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा पाणउतारा झाला असेल, कुणाचं जुनं दुखणं उघडं पडलं असेल, तर म्हाताऱ्याचं चुकलं-माकलं पोटात घाला. फक्त एका गोष्टीची माफी मागत नाही, ती आता करतो.

कमेटीनं विचारलं, त्याच्या हातचा गंडा कोण बांधून घेईल? मी रूपराव, रोहण्याचा उस्ताद, बबनचा बाप. दोरा घरून आणला आहे. हा माझा हात.

जंगलू, इकडं ये. असा मागं सरू नको, लेका. घट्ट बांधजो.