तळ्याची बाटली

‘पाणी सगळं ऐकतं पोरी, पण चुगली करत नाही,’ असं मास्तरीणबाईंचे विहिरी खणणारे वडील म्हणायचे. पाणी तपासणीच्या रांगेत बसल्या बसल्या त्यांना आज तोच आवाज आठवत होता. पुढच्या बाकावर साठीतली एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ कुजबुजत भांडत होते.

“बाळ्या, आतली तपासणारी बाई बाटलीत औषधाचे थेंब टाकते, जांभळा दिवा धरते. खत उतरलेलं असलं की पाणी हिरवंगार चमकतं म्हणे.”

“चमकू दे की. तुझ्या तळ्याला तेवढीच शोभा.”

“शोभा? माझे मासे उताणे तरंगले, मेल्या! तुझी फुलं मात्र यंदा तट्ट फुगलीत.”

“माझ्या फुलांना दृष्ट लावू नकोस. बाटली साबणाने घासलीस ना?”

“घासली. चारचौघांत कळकट बाटली आणू?”

“मग झालं! साबणानंही चमकतं. बाहेर पाटीवर लिहिलंय.”

“तू पाटी वाचलीस? शाळेत वाचली असतीस तर दोनदा नापास झाला नसतास.”

त्यांची पाळी आली. आत जांभळा दिवा लागला. बाटली काजव्यासारखी उजळली.

“मावशी, साबण लावलात?” तपासणाऱ्या बाईने विचारलं. बहिणीने मान डोलावली. “मग ही चमक खताची की साबणाची, सांगता येणार नाही. ही कोरी बाटली घ्या, उद्या पुन्हा पाणी आणा.”

“ऐकलंस बाळ्या? उद्या पुन्हा तुझ्याच गाडीवरून यायचं. माझं दुसरं आहे कोण?”

भावाने कोरी बाटली हातात फिरवली, मग खाली ठेवली.

“उद्या नको, ताई. तळ्याच्या वरच्या वाफ्यांत मी दुप्पट खत टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी पाऊस आला, आणि ते सगळं तुझ्याकडे वाहून गेलं.”