एक ते अडीच

सुंदरराव : चावी माझ्या खिशात हाय. नेटची लाइन लागंस्तवर तुझी गाडी युसूफ वडगावातनं हलत न्हाई.

रामेश्वर : आप्पा, गाडी अडवून लाइन लागत नसती. मला केजला जाऊन अजून तीन घरं बघायचीत.

सुंदरराव : तिसऱ्यांदा आलास बे तू या म्हैन्यात. दोनदा आलास, सगळं ठीक हाय म्हनून चहा पिऊन गेलास. आन् काल दुपारपासून ते नेटचं डबडं लाल डोळा करून बसलंय.

रामेश्वर : मी दोन्ही वेळेला सकाळी आलतो. सकाळी लाइन चालूच होती, म्हणून ठीक हाय म्हणलो.

सुंदरराव : ते मला सांगू नको. माझ्या पोराला सांग. अमरसिंह पुन्यावरनं म्हनला, दादा, त्याला सोडू नका. म्हनून चावी घेतली. मी काय तुझा दुश्मन न्हाई.

रामेश्वर : बरं. हे बघा, ऑफिसातनं तुमच्या लाइनचा रेकॉर्ड काढून आणलाय. बावीस दिवस झाले. रोज एकच्या सुमाराला तारेतला लाइट जातो, मंजी नेट बंद, आणि अडीचला येतो. फक्त काल गेला तो आलाच न्हाई. बिघाड काय घड्याळ बघून होत नसतो, आप्पा.

सुंदरराव : म्हंजी?

रामेश्वर : ते शोधायलाच आलोय. एकला तुमच्यात मोटार लागती का? पिठाची गिरणी, काही?

सुंदरराव : कायबी न्हाई. एकला मी जेवून पारावर जातो, अडीचला येतो. घरात सून एकटी. आमची मंडळी जाऊन चार वर्षं झाली. तवापासून आमी दोघंच. मधी मी न्हानीत पडलतो, म्हनून अमरनं चार कॅमेरे लावले. गेटवर, ओसरीवर, परसात आन् सैपाकघरात. लाइन गेली की त्याला तिकडं काळं दिसतं, आन् मग माझा फोन वाजतो.

रामेश्वर : बाहेरच्या भिंतीवर मीटर लावून बघितला मी. डांबावरून येणारा लाइट चोख हाय. तिथं रीडिंग मिळतं, आणि आत तुमच्या डबड्यापाशी आलं की काहीच न्हाई. मंजी तार बाहेर तुटलेली न्हाई. घरातच कुठंतरी गेलीय.

सुंदरराव : घरात कोन तोडतंय? मी का?

रामेश्वर : मी कुणाचं नाव घेतलं का? वायर परसातनं सैपाकघराच्या खिडकीतून आत आलीय. तिथनं बघू द्या.

सुंदरराव : जा. वनमाला, ह्याला आत येऊ दे गं, लाइनवाला हाय. थांब, आला फोन. हां अमर. आलाय, आलाय. बसवून ठेवलाय त्याला. हो बाळा. हो, विचारतो ना. आवाज येत न्हाई, ओसरीवर जातो, थांब.

(सुंदरराव ओसरीवर जातात. सैपाकघरात वनमाला भाकऱ्या थापते आहे.)

रामेश्वर : वहिनी, जरा या खिडकीपाशी बघू का?

वनमाला : बघा की. भांडी काढून देते.

रामेश्वर : राहू द्या. हा पेन हाय ना, ह्यातनं लाल लाइट सोडायचा. ही तार आतून काचेची, केसासारखी. जिथं काच मोडली असंल तिथनं लाल बाहेर दिसतं. तेवढी खिडकी लोटा बरं. हां. ते बघा.

वनमाला : दिसलं.

रामेश्वर : पिठाच्या डब्यामागं. आणि हा कपड्याचा चिमटा इथं कसा आला?

वनमाला : पडला असंल दोरीवरनं.

रामेश्वर : दोरी परसात हाय. आणि इथं वायर एकाच जागी मुडपून मुडपून पांढरी पडलीय. ही काय एका दिवसाची घडी न्हाई, वहिनी.

वनमाला : हळू बोला.

रामेश्वर : आप्पा ओसरीवर हायत.

वनमाला : मामांचं न्हाई. तो वरचा.

रामेश्वर : कॅमेरा? तो तर बंद हाय आता.

वनमाला : माहीत हाय. तरी जीभ रेटत न्हाई.

रामेश्वर : ऐकू पण जातं का त्यातनं?

वनमाला : ऐकू जातं आणि तिकडनं बोलता पण येतं. एकदा मला ताप होता. दुपारी इथंच भिंतीकडं तोंड करून पडले. घरात कुणी न्हाई. आणि वरून आवाज आला, वनमाला, उठ. मी दचकून उठले, तवा उलथला अंगावर. हे बघा, अजून डाग गेला न्हाई.

रामेश्वर : मालक बोलले?

वनमाला : मालकच. मग रोजचं विचारणं, खिडकीत कोण होतं, एवढा वेळ का लागला, तिसरी भाकरी कुणाला वाढली. शेजारच्या बायडाबाई ताक द्यायला यायच्या. त्यांच्याशी काय बोलले ते सांजच्याला मला परत म्हणून दाखवलं, शब्दाला शब्द. तेव्हापासून मीच त्यांना येऊ नका म्हणले.

रामेश्वर : म्हणून वायर मुडपायला लागलात.

वनमाला : पहिल्यांदा चुकून झालं. डबा मागं सरकवला, वायर दाबली गेली, ते मला ठाऊकच न्हाई. नुसता वरून आवाज येईना. एक वाजला, सव्वा वाजला. मी भिऊन वाट बघत बसले. मग जेवले. जेवताना ध्यानात आलं, आपण किती दिवसांनी पोटभर जेवलो. मग डबा पुढं घेतला, तिकडं दिवा हिरवा झाला. तवा कळलं.

रामेश्वर : आणि दीड तास करता काय?

वनमाला : काय न्हाई. जेवते. मग पाय पसरून बसते इथं.

रामेश्वर : तेवढंच?

वनमाला : तेवढंच. तुम्हाला वाटलं कुणाला फोन करत असंल.

रामेश्वर : न्हाई, न्हाई. मला तसं काही वाटलं न्हाई.

वनमाला : काल चिमटा काढला आणि दिवा हिरवा झालाच न्हाई. डबा सरकवला, वायर सरळ केली, हातानं चोळली. रातभर डोळ्याला डोळा न्हाई. वाटलं, आता कळणार.

रामेश्वर : काच हाय ती. रोज वाकवली तर एक दिवस मोडणारच. माहेरी सांगितलं का कुणाला?

वनमाला : लिंबागणेशला आईला सांगितलं. ती म्हणली, बघतो मंजी काळजी हाय. लोकांचे नवरे बघत सुद्धा न्हाईत.

रामेश्वर : वहिनी, मी वायर बदलली की उद्यापासनं पुन्हा सगळं तिकडं दिसणार. न्हाई बदलली तर आप्पा मला सोडत न्हाईत. आणि ही तिसरी तक्रार. ऑफिसवाले म्हणतील, ह्याला एक लाइन नीट करता येईना. माझं काम बंद करतील.

वनमाला : लेकरं हायत तुम्हाला?

रामेश्वर : दोन.

वनमाला : मग बदला. माझ्यापायी तुम्ही कशाला अडकता.

रामेश्वर : तुमचं नाव येऊ देत न्हाई. उंदरानं कातरली म्हणतो.

वनमाला : मामा येतायत.

सुंदरराव : काय सापडलं का बे?

रामेश्वर : सापडलं आप्पा. उंदीर. डब्यामागं वायर कातरलीय. एवढा तुकडा काढून नवीन टाकतो, अर्ध्या तासात लाइन चालू.

सुंदरराव : आन तो तुकडा हिकडं.

रामेश्वर : बघून काय करता?

सुंदरराव : आन म्हनलो ना. साठ वर्षं उंदरात काढली मी, पोती राखत. उंदीर कातरतो तिथं दात उमटत्यात, भुसा पडतो. हे तर मुडपलंय. मानसाच्या हातानं मुडपलंय.

रामेश्वर : आप्पा, ही वायर नाजूक असती.

सुंदरराव : अमर बरोबर म्हनला मग. तो आत्ता मला काय म्हनला ठाव हाय? दादा, तोच येतो, तोच बिघडवून जातो, म्हंजी परत बोलवावं लागंल. मी म्हनलो, न्हाई रे, मानूस बरा दिसतो. आन् तू मला उंदीर दाखवतोस.

रामेश्वर : देवाशपथ, मी न्हाई मुडपली.

सुंदरराव : मग कोनी मुडपली? रोज एकला येऊन भुतानं? तुझं पुरं नाव सांग. अमर तुझ्या वरच्या साहेबाला कळवतो म्हनतो, तिकडं माझ्या फोनची वाटच बघत बसलाय तो.

रामेश्वर : आप्पा, नाव घ्या. पण त्याआधी एक डाव थंड डोक्यानं…

वनमाला : मामा, त्यांचं नाव देऊ नका. वायर मी मुडपली.

सुंदरराव : तू गप. तुला ह्यातलं काय कळतं?

वनमाला : चिमटा लावायचे. तुम्ही पारावर गेलात की लावायचे आणि तुम्ही यायच्या आत काढायचे. काल ती मोडली.

सुंदरराव : कावून?

वनमाला : जेवायला.

सुंदरराव : जेवायला म्हंजी?

वनमाला : कुणी बघत नसताना जेवायला.

रामेश्वर : आप्पा, बसा. पाणी देऊ का?

सुंदरराव : नको. रोज लावायचीस?

वनमाला : रोज.

सुंदरराव : आन् आता हे मी अमरला कोन्या तोंडानं सांगू?

वनमाला : सांगा. मी काय पळून जात न्हाई. जाणार तरी कुठं.

सुंदरराव : मला का न्हाई सांगितलं, पोरी?

वनमाला : सांगून काय झालं असतं, मामा?

सुंदरराव : खरं हाय. काय झालं असतं.

रामेश्वर : मी बाहेर थांबू का, आप्पा?

सुंदरराव : थांब हितंच. तू बी ऐक. मी भर उन्हाचा पारावर कावून जातो, कधी विचारलं का कोनी? ओसरीवर लवंडलो की फोन येतो. दादा, जेवून लगेच झोपू नका. गुळाचा खडा तोंडात टाकला की फोन. नामदेव भेटायला आला, तर तो कशाला आलता म्हनून फोन. माझ्या ओसरीवर मला टेकता येत न्हाई, म्हनून मी पारावर दगडावर जाऊन पडतो. बारा वर्षं सरपंच होतो मी ह्या गावात. तहसीलदाराच्या टेबलावर हात आपटून टँकर आनलेत. आन् पोराचा फोन वाजला की आधी टोपी नीट करतो.

वनमाला : मला वाटायचं, तुम्हीच सांगितलं असंल त्यांना कॅमेरे लाव म्हणून.

सुंदरराव : मी नको म्हनलो न्हाई. तेच झालं सांगितल्यावानी.

रामेश्वर : आप्पा, मग वायरचं काय करू?

सुंदरराव : बदल.

रामेश्वर : बदलू?

सुंदरराव : तुझं काम तू कर. तुझी रोजी का जावी आमच्या घरच्या भानगडीत? लाइन लागू दे, मग बघू.

वनमाला : मी भाकरी करून घेते तवर. तुम्ही पण दोन घास खा, भाऊ. सकाळधरनं अडकून पडलात.

रामेश्वर : जोडू द्या आधी. इथं उजेड पायजे. ते पातेलं जरा बाजूला घ्या. हां. आता ह्या बाजूनं नेतो, डब्यामागनं नको. आप्पा, आतला दिवा बघा बरं.

सुंदरराव : अजून लाल हाय.

रामेश्वर : आता?

सुंदरराव : झाला. हिरवा झाला.

रामेश्वर : रीडिंग पण चोख हाय. लागली लाइन.

वनमाला : हा वरचा पण लागला. दिवा लुकलुकतोय.

सुंदरराव : स्टूल आन.

वनमाला : मामा, गुडघा दुखतो तुमचा. पडाल.

सुंदरराव : आन गं. रामेश्वर, कॅमेरा तुझ्या कामात येतो का?

रामेश्वर : न्हाई आप्पा. माझं काम डबड्यापर्यंत. कॅमेरे ज्याचे त्यानं.

सुंदरराव : मग तू नुसतं स्टूल धर. घट्ट धर. कोनची वायर काढायची?

रामेश्वर : ती काळी. मागं ओढा. जोर लावू नका, फिरवून ओढा.

वनमाला : मामा, ते बघत असतील आत्ता.

सुंदरराव : बघू दे. मीच हाय समोर.

रामेश्वर : निघाली. सावकाश उतरा. माझ्या खांद्यावर हात ठेवा.

वनमाला : फोन वाजतोय तुमचा.

सुंदरराव : दे. हां, अमर. लागली, लागली. मानसाची चूक न्हाई, वायर मोडली होती, त्यानं बदलून दिली. त्याच्या साहेबाला कळवायची गरज न्हाई. सैपाकघर? ते दिसनार न्हाई. मी काढला. मी म्हंजी मी. स्टुलावर चढून. न्हाई, तिनं न्हाई सांगितलं. माझं डोकं ठिकानावर हाय. ऐकून घे आधी. अमर, ऐक… आवाज चढवू नको. ये की मग. तुझंच घर हाय. ये.

रामेश्वर : आप्पा, निघू का मी?

सुंदरराव : ही घे चावी. सकाळी जरा जास्त बोललो.

रामेश्वर : चालायचंच. वहिनी, लाइनला काही झालं तर माझा नंबर डबड्यावर लिहिलाय. लाइनसाठीच असं न्हाई. कधीही लावा.

वनमाला : जेवून न्हाई जात?

रामेश्वर : पुढच्या वेळी. तुम्ही जेवा आता.

वनमाला : गेले लाइनवाले. मामा, काय म्हणले हे?

सुंदरराव : शनिवारी येतो म्हनला.

वनमाला : चिडलेत?

सुंदरराव : नवीन कॅमेरा घेऊन येतो म्हनला. छताला बसनारा. स्टुलावरनं हात पोचनार न्हाई असला.

वनमाला : मग काय करायचं?

सुंदरराव : मला न्हाई ठाव, पोरी. आजच्यापुरतं धाडस होतं, ते केलं. शनिवारचं हाय का न्हाई, ते शनिवारी कळंल.

वनमाला : शनिवारी.

सुंदरराव : हां. आज मंगळवार हाय. ताट घे.