डोंगर पास झाला

(पोलादपूरच्या वरच्या अंगाची एक वाडी. भिकाजीच्या घराची पडवी. ऑगस्ट २००६, पाऊस सकाळपासून जरा थांबलाय.)

आम्रपाली : म्हणजे सर, तुमचा कॅमेरा समाजमंदिराच्या गच्चीवरून रोज दुपारी आमच्या डोंगराचा फोटो काढतो, आणि हा कॉम्प्युटर कालचा नि आजचा फोटो जुळवून सांगतो, की डोंगर आहे तिथंच बसलाय. एवढ्यासाठी पीएचडी?

फुरकान : एवढ्यासाठीच. गवत वाढतं, रंग बदलतं, म्हणून त्याला फक्त मी मांडलेले पांढरे धोंडे ओळखायला शिकवलंय. धोंडे सरकले, तर डोंगर सरकला.

आम्रपाली : माझी आई सगळ्या वाडीच्या शेळ्या ओळखते. तिला कुणी डॉक्टर नाही म्हणत.

भिकाजी : आम्रे, तोंड आवर गो. महाडच्या ट्रकवाल्या जहांगीरशेठचा पोरगा हाय तो, परका नाय.

आम्रपाली : म्हणून तर बोलतेय! परक्याला नुसता चहा दिला असता. बरं, निकाल काय लागला, सर? येणार का दरड?

फुरकान : गंमत तिथंच आहे. एक हा कॅमेऱ्याचा डोळा. दुसरं माझं गणित : पाऊस किती पडला, मातीत किती मुरला, खालच्या कातळाला उतार किती. गणित म्हणतं, डोंगर सुटायला आलाय. डोळा म्हणतो, हललाच नाही.

आम्रपाली : अय्या, तुमचीच दोन पोरं एकमेकांना खोटं पाडतायत! मग नापास कोण?

फुरकान : गणित. डोळ्याला दिसतं ते खरं. उद्या तालुक्याला कळवतोय, वाडी हलवायची गरज नाही.

आम्रपाली : डोंगर पास झाला! बाबा, पेढे आणा. गेल्या साली महाडकडे दरडी आल्या, तेव्हापासून बिचारा आमच्या डोक्यावर अभ्यासाला बसला होता. मला वाटलं, आता शाळेच्या हॉलमध्ये पथारी टाकून दहावी करायची.

भिकाजी : बरा झाला. लावनी केलेली टाकून कुठं जायाचा? आनी साहेब, धोंड्यांची काळजी नको. एकबी जाग्यावरनं ढळू दिला नाय.

फुरकान : ढळू दिला नाही म्हणजे?

भिकाजी : सकाळी शेळ्या घेऊन वर जातो, तवा खाली आलेले परत मांडतो. तुमचं सामान, नीट नको ठेवायला? काशी हतं उंबऱ्यात उभी ऱ्हाते. धोंडा बरोबर त्या सुळक्याच्या खाली दिसला पायजे. तवर वरडते, "अजून वर, अजून वर!"

आम्रपाली : तरीच! मी म्हटलं, आई रोज सकाळी डोंगरावर का खेकसते!

फुरकान : फोटोत धोंडे थोडे थरथरायचे. मी प्रोग्रामचा दोष समजून ते थरथरणं पुसून टाकलं.

आम्रपाली : दोष म्हणे! माझे आईबाप तुमच्या पीएचडीत घुसले, सर! हसा की जरा. ...हसत का नाही?

फुरकान : काका, धोंडे कितीसे खाली यायचे?

भिकाजी : आधी वीतभर. परवापासनं पार खाली त्या आंब्याच्या बुंध्याशी गावतात.

फुरकान : आणि आज?

भिकाजी : आज गेलो नाय, तुमी येनार म्हनून. हतनंच दिसतोय की एक. तो काय, गोठ्याच्या मागं. थांबा, ठेवून येतो.

फुरकान : नको. तिकडे जाऊ नका.

आम्रपाली : बाबा... मघाशी शेण काढलं, तेव्हा नव्हता तो तिथं.

भिकाजी : नव्हता?

आम्रपाली : आये, भाकरी राहू दे तव्यावर. बाहेर ये.