मोटारीचं बटण

सखूबाई : फुंकून झालं, ब्रशनं घासून झालं. आता सांग, काय मेलंय त्या कॉम्प्युटरात?

प्रणित : आजी, अजून काहीच सापडलं नाही. फॅन फिरतोय, रॅम बदलून बघितली, मशीन गरमही नाही. तरी मधेच बंद होऊन आपोआप परत चालू होतं.

नीता : तेही माझ्या ऑनलाइन क्लासमध्येच! मुलं गणित सोडवतायत आणि मॅडम गायब. मनस्वीची आई म्हणाली, आठवडाभर बघते, नाहीतर कामोठ्यात क्लास लावते. बाकीच्याही तिच्यामागून जातील.

सखूबाई : सुनेचं तोंड रोज रोज बघून मशीनलाच चक्कर येत असंल.

नीता : आई, त्यांना काम करू द्या ना.

सखूबाई : मी काय हात धरलाय तेचा? ए पोरा, वायरींचा झुपका निघालाय तो डबा कसला रं?

प्रणित : पॉवर सप्लाय. बाहेरची लाईट घेऊन आत सगळ्यांना वाटतो.

सखूबाई : म्हंजे या घरातली मी.

प्रणित : तसंच समजा. मला याचाच संशय आहे, पण खात्री नाही. मॅडम, बंद पडतं तेव्हा घरात दुसरं काय चालू असतं?

नीता : काहीच नाही. एसीसुद्धा नाही... थांबा. वर टाकीत पाणी पडायला लागतं, त्याच सुमारास.

सखूबाई : टाकी मी भरते. चार मजल्यांचे भाडोत्री माज्या हातच्या पान्यावर हायत. त्या बटनाला दुसऱ्याचा हात नाय लागत.

प्रणित : मग आता लावता का मोटार?

सखूबाई : लावते. पन तू सांगतोस म्हनून नाय हां.

(आतल्या खोलीत बटण खट्‌कन वाजतं.)

नीता : गेलं! बघा, गेलं!

सखूबाई : कसं गेलं? मना दिसलं नाय. परत करा.

प्रणित : आजी, तुम्ही बटणाशी असताना इथलं कसं दिसणार?

सखूबाई : केली बंद मोटार. नीता, तू जा आत.

नीता : मी? मोटार लावू?

सखूबाई : मग काय शेजारनीला बोलवू? जा.

नीता : लावली!

सखूबाई : अगं बया! डोळा मिटल्यावानी गेलं की.

प्रणित : मोटार सुरू होताना क्षणभर लाईटचा दाब खाली येतो. टीव्ही-फ्रीजला कळतही नाही, पण हा सप्लाय थकलाय, तेवढंही झेपत नाही त्याला. उद्या नवीन आणून लावतो, मग पुन्हा असंच तपासू. तोपर्यंत क्लास चालू असताना मोटार नको.

नीता : आई, मग टाकी...?

सखूबाई : तुजा क्लास संपला की तूच लाव. आनि बटन उजवीकडून दाब गो, डावीकडून अडकतं ते.