कीबोर्ड नसलेलं हजेरीचं मशीन

अध्यक्ष दत्ताआप्पा, प्रमुख पाहुण्या सरूबाई, व्यासपीठावरील मान्यवर आणि कुरकुंभच्या तिन्ही पाळ्यांतल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

सूत्रसंचालक म्हणाले, मी ‘बरीच’ कामं केली. बरीच हा काही आकडा नव्हे. या हातांनी भंगारातून उभे केलेले कम्प्युटर अकरा, न्हावऱ्याच्या डेअरीचा स्टॅबिलायझर एक, आपल्या पाळीचा भोंगा, आणि गेटवरचं कार्ड घासायचं हजेरीचं मशीन. शिक्षण दहावी, शिरूर. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन.

ते मशीन २००२ चं, लिनक्सवर चालणारं. लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नेल. आयता घेतला तर शेकडो ड्रायव्हर सोबत येतात, जगातलं प्रत्येक यंत्र ओळखण्यासाठी. गेटवर ते कशाला? कार्ड वाचणारा, डिस्कचा आणि वायर जोडायच्या पोर्टचा, एवढे ठेवले आणि कर्नेल नव्याने कंपाइल केला. चारशे बारा केबी! कीबोर्डचा ड्रायव्हरसुद्धा काढला. दुरुस्ती असली की माझा घरचा कम्प्युटर शिरूरहून आणून वायरीने जोडायचो.

पुढच्या मार्चात कारखान्यातला रिॲक्टर, रसायनं शिजवायची ती बंद टाकी, फुटला. सरूबाईंचे मालक संपतराव झाकणाखाली सापडले. ओळख पटली ती पट्ट्याच्या बकलावरून. भरपाई टाळायला कंत्राटदार म्हणाला, बकलावरून काय कळतं, संपत त्या दिवशी कामावर नव्हताच. मशीन म्हणत होतं, सहा वाजून एकावन्न मिनिटांनी आत.

दुपारी कंत्राटदाराचा मुकादम जालिंदर तिघांना घेऊन आला. मी मशीनपाशीच होतो. गेटवरच्या खोलीचं शटर आतून ओढलं.

“ए इंजिनेर, संपतचं नाव पूस.”

मशीन फोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. बाकीच्या एकशे चाळीस जणांच्या हजेरीवरच त्यांचं बिल निघायचं. त्यांनी ऑफिसातला कीबोर्ड आणून खुपसला. मशीन ढिम्म.

“ह्यात कीबोर्ड चालतच न्हाई,” मी म्हणालो.

“असला कम्प्युटर कोन बनवतं रं?”

“मी बनवतो.”

माझी करंगळी स्टुलावर धरून पान्याने ठेचली. मग शेजारचं बोट. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. आता तुम्हाला वाटेल, केवढा शूर माणूस! नाही हो. पहिल्याच बोटाला मी म्हणालो, शिरूरला चला, माझा कम्प्युटर आणू, पुसून देतो. असं तीनदा म्हणालो.

“पळून जायला बघतंय बेनं,” जालिंदर म्हणाला, आणि तिसरं बोट घेतलं.

दुसऱ्या पाळीने शटर उचकटलं तेव्हा चौथं गेलं होतं. जालिंदरचा जबडा कुणी फोडला, ते मी पाहिलं नाही. पोलिसांना तेच सांगितलं, आजही तेच सांगतो. (हसू नका, आप्पा.)

दौंडच्या दवाखान्यात सरूबाई भेटायला आल्या. म्हणाल्या, “भाऊ, मशीननं ऐकलं असतं, तर तुमी पुसलं असतं?”

“व्हय, वहिनी.”

त्या उठून गेल्या नाहीत. माझ्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला आन् म्हणाल्या, “कोर्टात तर तुमीच उभं ऱ्हाणार.”

असो. आपण इतकं प्रेम दिलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाला काही लागलं असेल, तर आपल्याच घरचा माणूस समजून सोडून द्या.

एक तपशील राहिला. साक्षीच्या आदल्या आठवड्यात कंत्राटदार स्वतः घरी आला होता. मशीनचं घड्याळ एक दिवस पुढं होतं, ती हजेरी आदल्या दिवशीची, एवढंच मी कोर्टात म्हणायचं. मी नाही म्हणालो. त्याने देऊ केलेली रक्कम एक लाख पंचाहत्तर हजार.